क्लच बदलल्यावर ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला पुन्हा शिकवण्याचा योग्य क्रम

ऑटोमॅटिक गिअरच्या ट्रकची क्लच प्लेट बदलली, गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच चौकात ती झटके देऊ लागली, की धुळे-जळगावकडच्या अनेक गॅरेजांत पुढचा उपाय ठरलेला असतो. बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवायची, स्कॅनर लावून पुन्हा एकदा ‘लर्निंग मारायचे’ (म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला मापे पुन्हा घ्यायला लावायची), आणि तरीही झटके थांबले नाहीत तर नव्या क्लच प्लेटच्या नावाने बोटे मोडायची. लर्निंग करणे चूक नसते. ते कोणत्या अवस्थेत आणि कशानंतर केले, यात चूक असते. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर जे मोजतो तेच खरे धरतो. टाकीत हवा कमी असताना किंवा अर्थची पट्टी सैल असताना घेतलेले मापही तो तितक्याच इमानाने जपून ठेवतो आणि पुढचा प्रत्येक गिअर त्या चुकीच्या मापावर बदलतो. म्हणून पुढे दिलेल्या टप्प्यांचा क्रम मोडू नये. दाब, व्होल्टेज वगैरे आकडे सर्वसाधारण ट्रकसाठी दिले आहेत. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा.

## आधी एवढे समजून घ्यावे : कॉम्प्युटर काय शिकतो

आपल्याकडे मालवाहतुकीत चालणारे बहुतेक ‘ऑटोमॅटिक’ ट्रक प्रत्यक्षात एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आहेत. आतला गिअरबॉक्स मॅन्युअल गाडीसारखाच असतो आणि क्लचही कोरडाच असतो. चालकाचा पाय आणि हात यांचे काम मात्र हवेवर चालणारे दट्टे, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर करतात आणि त्यांना हुकूम देतो तो टीसीयू, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. पेडल नाही म्हणजे क्लच नाही, असा समज करून घेतल्यामुळे जितक्या क्लच प्लेट जळतात तितक्या दुसऱ्या कोणत्याही कारणाने जळत नसाव्यात.

हा कॉम्प्युटर तीन प्रकारची मापे ठेवतो आणि ती तीन वेगवेगळ्या वेगाने बदलतात. पहिली मापे यंत्राची असतात: प्रत्येक गिअरचा फोर्क (गिअर सरकवणारा काटा) कुठपर्यंत सरकतो, न्यूट्रल नेमके कुठे आहे, क्लच पूर्ण सुटल्यावर आणि पूर्ण बसल्यावर सेन्सर काय दाखवतो. ही मापे उभ्या गाडीत एकदा घेतली जातात. दुसरी मापे झिजेबरोबर हळूहळू सरकतात. त्यात सर्वांत महत्त्वाचा टच पॉइंट, म्हणजे क्लच प्लेट फ्लायव्हीलला जेमतेम टेकून ओढ घेऊ लागते ती जागा, आणि त्याच्या पुढे क्लच किती बसला की किती ओढ जाते याचा आलेख. गाडी रोज चालत असताना टीसीयू ही मापे स्वतःच थोडी थोडी सुधारत राहतो.

तिसरे माप केवळ त्या फेरीपुरते असते, आणि ते म्हणजे गाडीचे वजन. बहुतेक एएमटी ट्रकमध्ये टीसीयूला वजन कोणी सांगत नाही. इंजिनाने किती टॉर्क दिला आणि त्या बदल्यात गाडीने किती वेग घेतला, यावरून तो ते काढतो. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकचे कमाल एकूण वजन २०१८ पासून २८.५ टन आहे आणि तोच ट्रक रिकामा साधारण ९ ते १० टनांचा असतो. चाकांवर ३० किलोन्यूटन ओढ मिळत असेल, तर सपाट रस्त्यावर भरलेली गाडी दर सेकंदाला सुमारे १ मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवते आणि रिकामी गाडी जवळपास तिप्पट. हाच फरक पाहून टीसीयू ठरवतो की पहिल्या गिअरमध्ये निघायचे की तिसऱ्या, आणि मधले गिअर गाळायचे की नाही.

यात चढाने गोंधळ होतो. ५ टक्के चढावर भरलेल्या गाडीचा वेग वाढण्याचा दर निम्म्यावर येतो, म्हणजे सपाटीवरची पन्नास टनांहून जड गाडी जशी हळू उचलेल तशीच ती उचलते. चढ आणि वजन वेगळे ओळखण्यासाठी अनेक गाड्यांत चढाचा सेन्सर दिलेला असतो. तो चुकीचा शून्य धरून बसला तर बाकी सारे शिकवणे फुकट जाते.

## टप्पा १ : आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे ते ओळखावे

व्होल्वोची आय-शिफ्ट किंवा झेडएफची ट्रॅक्सॉन हे एएमटी आहेत, तर अ‍ॅलिसनचे गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ओढ पोहोचवणारा जोड) असलेले, तेलाच्या दाबावर चालणारे पूर्ण ऑटोमॅटिक आहेत. ते काही टिपर आणि अग्निशमनाच्या गाड्यांत आढळतात. गाडी उतारावर ‘डी’मध्ये उभी असताना नुसता ब्रेक सोडून ओळखण्याचा प्रयोग कोणी करू नये, गिअरबॉक्सवरची पाटी वाचणे पुरे आहे. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांनी टप्पा २ मधली विजेची तपासणी करून थेट टप्पा ७ वाचावा.

शिकवण्याची गरज पुढील कामांनंतर असते: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट किंवा रिलीज बेअरिंग बदलल्यावर, क्लचचा किंवा गिअरचा अ‍ॅक्च्युएटर उघडल्यावर, टीसीयू किंवा पोझिशन सेन्सर बदलल्यावर, आणि गिअरबॉक्स खाली उतरवून पुन्हा बसवल्यावर. टायरचा आकार किंवा क्राउन-पिनियनचे (मागच्या चाकांजवळच्या शेवटच्या गिअरजोडीचे) गुणोत्तर बदलले असेल तर लर्निंगने काही साधत नाही. तिथे स्कॅनरमधून गाडीच्या नोंदीतला आकडा बदलावा लागतो, नाहीतर वेग आणि वजन दोन्ही चुकीचे मोजले जातात.

ज्या गाडीला यांपैकी काहीच झालेले नाही आणि जी कालपर्यंत नीट चालत होती, तिला आज अचानक लर्निंग करण्याची गरज नसते. तिच्यात काहीतरी बिघडले आहे आणि ते शोधावे लागेल.

## टप्पा २ : शिकवण्याआधी दोष काढावेत

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. अनुभव असा आहे की फसलेल्या लर्निंगची बहुतेक कारणे याच टप्प्यात सापडतात, आणि घाईत हाच टप्पा गाळला जातो.

हवा. क्लच आणि गिअर दोन्ही हवेवर चालतात. इंजिन चालू ठेवून हवेचा काटा पूर्ण चढू द्यावा आणि एअर ड्रायरमधून ‘फुस्स’ आवाज होऊन हवा बाहेर पडेपर्यंत थांबावे. म्हणजे दाब कमाल झाला. त्यानंतर इंजिन बंद करून दहा मिनिटे काट्याकडे लक्ष ठेवावे. काटा डोळ्यांना दिसेल इतका खाली येत असेल तर गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या नळ्या, जोड आणि अ‍ॅक्च्युएटरचे तोंड साबणाच्या पाण्याने तपासावे. टाकीचा ड्रेन उघडून बोटावर घेऊन पाहावे. नुसते पाणी आले तर ड्रायरचे काडतूस संपले आहे. पांढरट, चिकट द्रव आला तर कॉम्प्रेसर तेल फेकतो आहे, आणि हे तेल अ‍ॅक्च्युएटरच्या झडपांचे रबर फुगवते. अशी झडप आज उघडते आणि उद्या अडकते. कॉम्प्युटर तिच्याशी जुळवून तरी किती घेणार?

वीज. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या मिळून २५ व्होल्टच्या आसपास किंवा अधिक दिसले पाहिजेत आणि इंजिन चालू असताना २७ ते २८.५. त्यानंतर गिअरबॉक्सपासून चासीला जाणारी अर्थची पट्टी स्वतः हाताने हलवून पाहावी. गिअरबॉक्स उतरवताना ती काढली जाते आणि चढवताना विसरली जाते, किंवा रंगावर नुसती आवळली जाते. पट्टीखालचा रंग खरवडून धातू उघडा करावा. पावसाळ्यात शेतरस्त्यावर गेलेल्या गाडीच्या कनेक्टरमध्ये काळी माती शिरते, आणि गाडी धुताना जोराच्या फवाऱ्याने ती आणखी आत बसते. कनेक्टर सोडवून पिना कोरड्या करून पाहिल्याशिवाय सेन्सर खराब असल्याचा निकाल देऊ नये.

क्लचची बसवणी. गिअरबॉक्स चढवण्याआधी नवी प्लेट इनपुट शाफ्टच्या दात्यांवर हाताने पुढे-मागे सरकवून पाहावी. ती कुठेही न अडता सरकली पाहिजे. दात्यांवर गंज असेल तर घासून काढावा आणि ग्रीस अगदी पातळ पुसावे, कारण जास्तीचे ग्रीस फिरताना उडून प्लेटवर बसते. फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग प्रत्येक वेळी बदलावे. हे बेअरिंग जाम असेल तर क्लच पूर्ण सुटला तरी इनपुट शाफ्ट फिरतच राहतो. पुढच्या टप्प्यात कॉम्प्युटर टच पॉइंट शोधतो तो याच शाफ्टकडे पाहून, त्यामुळे ते बदलणे टाळून काही वाचत नाही. ज्या मध्यम गाड्यांत क्लचला तेलाची जोड आहे, तिथे नळीतली हवा पूर्ण काढावी.

तेल. गिअरबॉक्सचे तेल पुस्तिकेतल्या दर्जाचेच असावे. फार घट्ट तेलात गिअरचे वेग जुळायला जास्त वेळ लागतो आणि टीसीयू तोच उशीर खरा मानतो.

*तपासा :* काटा स्थिर आहे, इंजिन चालू असताना व्होल्टेज २७ च्या वर आहे, अर्थची पट्टी घट्ट आहे, आणि गाडीखाली हवेचा कोणताही आवाज नाही. यांतले एकही नसेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा ३ : जुन्या नोंदी उतरवून घ्याव्यात, मगच पुसाव्यात

स्कॅनर लावल्यावर पहिले बटण बहुधा ‘क्लिअर’चेच दाबले जाते, आणि तिथेच महत्त्वाचा पुरावा जातो. आधी सर्व फॉल्ट कोडचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. कोणता कोड सक्रिय आहे आणि कोणता जुना, हे वेगळे लिहावे. टच पॉइंटचा जुना आकडा आणि क्लचच्या झिजेचा आकडाही लिहून ठेवावा. त्यानंतर कोड पुसून, चावी बंद-चालू करून, पुन्हा वाचावे. जो कोड लगेच परत आला तो दोष अजून शिल्लक आहे, आणि तो असेपर्यंत बहुतेक टीसीयू लर्निंग सुरूच करू देत नाहीत.

बॅटरी काढून मेमरी पुसली जाते हा समज जुन्या गाड्यांपासून चालत आला आहे. आजच्या टीसीयूमध्ये शिकलेली मापे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असतात, त्यामुळे रात्रभर बॅटरी काढून ठेवली तरी टच पॉइंट जिथे होता तिथेच राहतो. मध्येच वीज तोडल्याने अर्धवट लिहिलेली नोंद बिघडण्याचा धोका मात्र खरा आहे.

## टप्पा ४ : उभ्या गाडीतले शिकवणे

१. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करावी. टीसीयू किंवा चढाचा सेन्सर बदलला असेल तर सपाटपणाचा अंदाज डोळ्यांनी न घेता, चासीच्या लांबीच्या पट्टीवर पाणसळ ठेवून तो पाहावा, कारण सेन्सरचा शून्य इथेच ठरणार आहे. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून गॅरेजचे अंगण बहुधा मुद्दाम उतरते केलेले असते, हे ध्यानात ठेवावे.

२. हँडब्रेक ओढावा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा.

*सावधान :* लर्निंग चालू असताना अ‍ॅक्च्युएटर कोणतीही सूचना न देता पूर्ण जोराने सरकतात. गाडीखाली कोणी असू नये आणि बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) खिडकीत कोणाचेही बोट असू नये.

३. इंजिन नेहमीच्या तापमानाला येऊ द्यावे. उन्हाळ्यात भुसावळला हे सांगावे लागत नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुळ्यात पारा एक आकडी होतो आणि गिअरबॉक्समधले तेल आळसावलेले असते. क्लच मात्र तापलेला नसावा. थोड्या वेळापूर्वीच गाडी पुढे-मागे करून खड्ड्यातून काढली असेल तर क्लच थंड होईपर्यंत थांबावे, कारण तापलेल्या क्लचचा टच पॉइंट सरकलेला असतो.

४. एसी, दिवे आणि पीटीओ (गिअरबॉक्समधून इतर यंत्रांना शक्ती देणारी जोडणी) बंद करावेत. एसीचा कॉम्प्रेसर मध्येच जोडला गेला की इंजिनाचे फेरे हलतात, आणि टीसीयूला ती क्लचचीच हालचाल वाटू शकते.

५. हवा पुन्हा कमाल दाबापर्यंत भरावी. लर्निंगमध्ये क्लच अनेकदा उघडतो-मिटतो आणि हवा खातो.

६. स्कॅनरमधून आधी गिअरच्या जागांचे, नंतर क्लचच्या दोन टोकांचे आणि शेवटी टच पॉइंटचे लर्निंग चालवावे. काही गाड्यांत पहिला भाग इंजिन बंद ठेवून होतो. पडद्यावरची सूचना पाळावी. हाच क्रम ठेवण्याचे कारण असे, की टच पॉइंटचा आकडा क्लचच्या दोन टोकांच्या संदर्भात मोजला जातो. टोके नंतर बदलली तर तो आकडा निरर्थक होतो.

टच पॉइंट शोधताना गाडीत काय घडते, हे एकदा कान देऊन ऐकण्यासारखे आहे. टीसीयू क्लच पूर्ण सोडतो आणि इनपुट शाफ्टचा वेग शून्याकडे येऊ देतो. त्या वेळी गिअरबॉक्सची घरघर एकदम थांबते. मग तो क्लच अतिशय हळू मिटवत जातो. शाफ्टने पहिला हेलकावा घेतला की घरघर पुन्हा सुरू होते, आणि त्या क्षणी सेन्सरवर असलेला आकडा म्हणजे टच पॉइंट. हे तो अनेकदा करतो आणि आकडे एकमेकांशी जुळले तरच स्वीकारतो. घरघर थांबतच नसेल तर क्लच सुटत नाही: पायलट बेअरिंग, दात्यांवर अडकलेली प्लेट किंवा कमी हवा, यांपैकी एक कारण आहे. अशा वेळी स्कॅनर ‘अयशस्वी’ दाखवतो. तेच लर्निंग पुन्हा पुन्हा चालवत बसण्यापेक्षा गाडी परत टप्पा २ वर न्यावी.

७. लर्निंग यशस्वी झाल्याचा संदेश आल्यावर चावी बंद करावी, पण मेन स्विचला हात लावू नये. शिकलेली मापे कायम मेमरीत लिहिण्याचे काम टीसीयू चावी बंद झाल्यावर करतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत याच वेळात युरिया द्रावणाच्या नळ्याही रिकाम्या केल्या जातात. पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे आणि मगच मेन स्विच बंद करावा. रोज रात्री गाडी उभी करतानाही हाच नियम आहे; बॅटरी वाचवण्यासाठी चावीबरोबरच मेन स्विच पाडण्याची सवय शिकलेले पुसू शकते.

*तपासा :* इंजिन चालू करून, पाय ब्रेकवर ठेवून, न्यूट्रलमधून पुढच्या गिअरमध्ये आणि परत, मग रिव्हर्समध्ये आणि परत न्यावे. गिअर पडताना खणखणाट नसावा आणि पडद्यावरचा आकडा लुकलुकत राहू नये.

## टप्पा ५ : रिकाम्या गाडीची फेरी

नव्या प्लेटचा पृष्ठभाग अजून फ्लायव्हीलला पूर्ण घासून बसलेला नसतो, म्हणून पहिली फेरी माल न भरता करावी. तापीच्या खोऱ्यातला रस्ता या कामाला सोयीचा आहे; भुसावळ-मुक्ताईनगर किंवा पारोळा-एरंडोल बाजूचा सपाट, वाहता पट्टा निवडावा. जळगाव शहरातून, सिग्नल आणि रिक्षांच्या गर्दीतून ही फेरी करू नये. तिथे क्लच सतत अर्धवट राहतो आणि सलग, स्वच्छ माप एकही मिळत नाही.

थांबलेल्या गाडीतून अ‍ॅक्सिलरेटर एकतृतीयांश दाबून निघावे आणि पाय तिथेच स्थिर ठेवावा. गिअर जिथे बदलायचे तिथे बदलू द्यावेत. वरच्या गिअरपर्यंत गेल्यावर रस्ता मोकळा पाहून पाय सोडावा आणि गाडीला गिअरमध्येच मंदावू द्यावे, शेवटी हलक्या ब्रेकने थांबवावे. हे काही वेळा केल्यावर अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत दाबून तीच आवर्तने करावीत. या फेरीत मॅन्युअल मोड, पॉवर मोड आणि पेडल तळापर्यंत दाबून किकडाउन, तिन्ही टाळावेत. पाय सतत वर-खाली करणे हा या टप्प्यातला सर्वांत मोठा दोष आहे. इंजिनाचा टॉर्क काही सेकंदही एकसारखा राहत नाही आणि टीसीयू तो सगळा भाग मोजणीतून बाद करतो.

पहिल्या काही निघण्यांत हलका झटका येणे स्वाभाविक आहे, आणि तो प्रत्येक वेळी कमी होत गेला पाहिजे. तो तसाच राहिला किंवा वाढला, तर फेरी लांबवून उपयोग नाही. टच पॉइंटचा आकडा पुन्हा वाचावा आणि टप्पा ४ मधल्या आकड्याशी ताडून पाहावा.

## टप्पा ६ : भरलेली गाडी आणि घाट

माल भरताना चावी बंद ठेवावी. सावदा-रावेरकडे केळी भरताना इंजिन चालू ठेवण्याची पद्धत दिसते. बऱ्याच गाड्यांत चावी बंद केल्यावर किंवा गाडी बराच वेळ उभी राहिल्यावरच जुने वजन टाकून नवी मोजणी सुरू होते. तसे झाले नाही तर टीसीयूच्या लेखी गाडी अजून रिकामीच असते, आणि भरलेली गाडी तो वरच्या गिअरमध्ये उचलू पाहतो. याच्या उलट, पीव्हीसी पाइपांनी शिगोशीग भरलेली गाडी डोळ्यांना जड दिसते पण वजनाला हलकी असते. ती तिसऱ्या गिअरमध्ये निघाली म्हणून चालकाने घाबरून मॅन्युअलने पहिला टाकण्याचे कारण नाही. डाळीची पोती भरली असतील तर मात्र पहिले निघणे स्वतः खालचा गिअर निवडून करावे आणि सपाट रस्त्यावर दोन-तीन गिअर चढल्यानंतर ऑटोमॅटिकवर द्यावे.

शक्य असेल तर भरलेल्या गाडीचे पहिले काही किलोमीटर सपाटीवर असावेत. धुळ्याहून नाशिककडे निघालेल्या गाडीपुढे लळिंगचा घाट लगेच उभा राहतो, तर सुरतेकडे जाताना कोंडाईबारी घाटापर्यंत वजन ओळखायला पुरेसा रस्ता मिळतो.

चढताना पाय स्थिर ठेवावा. एएमटीमध्ये गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते, म्हणून भरलेल्या गाडीला चढावर गिअर बदलणे महाग पडते आणि टीसीयू ते शक्य तितके टाळतो. चालकाने मध्येच पाय उचलला की त्याला वाटते चढ संपला. तो वरचा गिअर टाकतो, गाडी दम टाकते आणि तो पुन्हा खाली येतो. गिअर असा वर-खाली होत राहिला तर मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर धरून ठेवावा आणि माथ्यावर पुन्हा ऑटोमॅटिक करावे. घाटात मॅन्युअल वापरल्याने शिकलेले बिघडते, ही भीती निराधार आहे.

*सावधान :* चढावर रांगेत थांबताना गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नये. हिशोब करून पाहावा: २८.५ टनांची गाडी ५ टक्के चढावर धरायला चाकांवर सुमारे १४ किलोन्यूटन लागतात. पहिल्या गिअरचे आणि क्राउनचे मिळून गुणोत्तर ५० धरले तर क्लचवर साधारण १४५ न्यूटन-मीटर येतात. इंजिन ६०० फेऱ्यांवर असेल तर सुमारे ९ किलोवॅट उष्णता नुसती क्लच प्लेटमध्ये ओतली जाते, म्हणजे घरातले चार-पाच गिझर एकदम त्या डब्यात लावल्यासारखे होते. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना ही उष्णता जाणार कुठे? गाडी ब्रेकवर धरावी, पुढची गाडी पुरेशी सरकू द्यावी आणि हिल असिस्टच्या मदतीने एकदाच निघावे. क्लच तापल्याचा इशारा आला तर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून थांबावे.

उतरताना घाट सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करून एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (गाडी मंदावणारा पूरक ब्रेक) लावावा आणि खालचा गिअर मॅन्युअलने धरावा. इंजिनाचा ब्रेक जास्त फेऱ्यांवरच नीट धरतो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे ही केवळ शिकवण्यातली चूक नव्हे. पळासनेरच्या पुढे बिजासनच्या उतारावर गाडीचा वेग वाढल्यावर टीसीयू खालचा गिअर पडू देत नाही, कारण त्या वेगाला इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातील; म्हणजे एकदा न्यूट्रल केले की गिअरची मदत परत मिळेलच असे नाही.

## टप्पा ७ : टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्ससाठी

इथे कोरडा क्लच नसतो. आतले क्लच तेलाच्या दाबाने बसतात आणि कॉम्प्युटर प्रत्येक क्लच भरायला किती तेल, किती वेळ आणि किती दाब लागतो हे शिकतो. म्हणून तेलाची पातळी हेच इथले सर्वस्व आहे. ती पुस्तिकेतल्या पद्धतीने, तेल गरम असताना, सपाट जागी पाहावी. पातळी जास्त झाली तरी तेलाला फेस येतो आणि गिअर उशिरा बसतो.

नवे शिकवणे सुरू केल्यावर कॉम्प्युटर आधी मोठ्या पावलांनी आणि नंतर बारीक पावलांनी सुधारणा करतो. तेल कामाच्या तापमानाला आल्यावर आधी उभ्या गाडीत, ब्रेक दाबून, न्यूट्रल ते डी आणि न्यूट्रल ते रिव्हर्स असे बदल सावकाश करावेत. त्यानंतर टप्पा ५ प्रमाणेच स्थिर पायाने, आधी हलक्या आणि मग मध्यम दाबाने, सर्व गिअरमधून वर-खाली जावे. तेल गार असताना केलेली फेरी बहुधा मोजलीच जात नाही.

## ज्या चुका वारंवार दिसतात

दोष न काढता लर्निंग करणे ही पहिली चूक, आणि तिच्याबद्दल वर पुरेसे आले आहे. दुसरी चूक त्याहून कमी दिसते: लर्निंग यशस्वी झाले म्हणजे क्लच चांगला आहे, असे मानणे. तेल लागलेल्या प्लेटचाही टच पॉइंट बरोबर मिळतो, कारण तिथे ओढ अगदी थोडी असते. ती घसरते पूर्ण टॉर्कवर. त्यामुळे भरलेल्या गाडीत, मधल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनाचे फेरे वेगापेक्षा पुढे पळतात का, हे एकदा पाहिल्याशिवाय गाडी लांब पल्ल्यावर सोडू नये.

तिसरी चूक मालकांची. एका गाडीवर दोन चालक असतील आणि एक पाय स्थिर ठेवणारा, दुसरा सतत पंप मारणारा असेल, तर गिअर बदलण्याच्या तक्रारी एकाच्याच पाळीत येतात आणि दोष गिअरबॉक्सवर जातो. स्कॅनरचा खर्च करण्यापूर्वी दोघांना एकाच रस्त्यावर, त्याच मालासह चालवायला सांगावे.

## टप्पा ८ : नोंद ठेवणे

गाडीच्या वहीत एक पान केवळ गिअरबॉक्ससाठी ठेवावे आणि प्रत्येक सर्व्हिसला तारीख, किलोमीटर, टच पॉइंटचा आकडा, क्लचच्या झिजेचा आकडा आणि सक्रिय कोड, एवढेच लिहावे. नवी प्लेट घासून बसेपर्यंत टच पॉइंट थोडा सरकतो आणि मग स्थिर होतो. त्यानंतर तो झिजेबरोबर एकाच दिशेने, हळूहळू जायला हवा. दोन सर्व्हिसच्या मध्ये त्याने एकदम उडी घेतली किंवा तो उलट दिशेला गेला, तर पुन्हा लर्निंग करू नये. आधी हवेचा दाब आणि पोझिशन सेन्सरचा कनेक्टर पाहावा, मग बेल हाउसिंगच्या तळाचे झाकण उघडून बोट फिरवावे. कोरडी काळी भुकटी लागली तर ती प्लेटची नेहमीची झीज आहे. ओलसर तेलकट लेप लागला, तर क्रँकचे मागचे सील किंवा इनपुट शाफ्टचे सील गळते आहे आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल.